आपलं पोर शेवटी

आमच्या गावात तिला नावाने कोणी हाक मारत नाही. पळीमावशी म्हणतात. पोरं तर "पळी आली, पळी आली" करत पुढे धावायची आणि ती लांब दांड्याची पळी उगारून ओरडायची, "आधी हात धुवा रे मेल्यांनो, मग तोंड उघडा!" त्या पळीचा मार कधी कोणाला बसला नाही, पण धाक असा की हात धुतल्याशिवाय एक पोर पुढे सरकत नसे.

माझं शिवणाचं दुकान, ती रांधते त्या गावाच्या स्वयंपाकघराच्या बरोबर समोर. दुकान कसलं, घराची पुढची खोली. मशीन दाराशी ठेवलंय, कारण उजेड तेवढाच. त्यामुळे दिवसभर माझ्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी, सुईचं टोक आणि पळीमावशी. तिच्याबद्दल लोक आता जे बोलतात ते ऐकून माझं टाळकं फिरतं. हीच माणसं परवापर्यंत तिला डोक्यावर घेऊन नाचत होती. फाटतं तेव्हा सगळे बोट घालून भोक मोठं करतात, टाका घालायला कोणी येत नाही. म्हणून म्हटलं, आपणच सांगावं काय झालं ते.

मावशीचा नवरा फार लवकर गेला. मागे एक मुलगा. तिने वीटभट्टीवर डोक्यावरून विटा वाहिल्या, मुलाला मोठं केलं, त्याचं लग्न लावलं. मुलगा बायकोला आईजवळ ठेवून लांबच्या शहरात बांधकामावर गेला. तो अधूनमधून फोन करतो, पैसे पाठवतो, आणि "सगळं ठीक ना" एवढंच विचारतो. सगळे "ठीक" म्हणतात. मावशीची कंबर धरली तशी भट्टीवरची तिची जागा सुनेने घेतली. लग्नानंतर थोड्याच दिवसांत घरातली चूलही सुनेकडे गेली. एकदा मावशीने पातेल्यात डोकावून "मीठ कमी आहे" म्हटलं, तर सून फणकारली, "आई, चूल मला दिलीय ना? मग नाक खुपसू नका." मावशीने ते मनाला लावून घेतलं. त्यानंतर घरच्या पातेल्याकडे तिने बघितलंही नाही. वाढतील ते खायचं, ताट धुऊन ठेवायचं आणि गप्प बसायचं.

गावाच्या स्वयंपाकघराची गोष्ट वेगळी. एका वर्षी गोवर आला आणि बरीच लहान पोरं गेली. आम्ही म्हणायचो, गोवराने नेली. नर्सबाईंनी एके दिवशी सगळ्या बायकांना एकत्र बसवलं आणि तोंडावर सांगितलं, "गोवर निमित्त होतं. पोरांच्या अंगात झुंजायला काही उरलंच नव्हतं." कोणाला ते आवडलं नाही. पण घरी जाऊन प्रत्येकीने आपल्या पोराच्या फासळ्यांवरून हात फिरवला असणार, कारण पुढच्या आठवड्यात बायकाच म्हणाल्या, काहीतरी करू. धान्य ठेवायची जुनी पत्र्याची शेड रिकामी पडली होती, ती झाडून घेतली. चुली मांडल्या. ठरलं असं की, काट्यावर ज्यांचं वजन कमी भरेल त्यांची यादी करायची, ती पोरं रोज इथे जेवतील. प्रत्येक आईने घरातून मूठभर काहीतरी आणायचं, डाळ, शेंगदाणे, पाला, एखादं अंडं, जे असेल ते, आणि आळीपाळीने हाताला हात लावायचा. नर्सबाई दर महिन्याला वजनं करणार. जे कमी पडेल ते पलीकडच्या गावातली एक संस्था पुरवणार.

पहिली स्वयंपाकीण फार दिवस टिकली नाही. तिच्या पदराखाली तेलाची बाटली आणि डाळीची पुरचुंडी सापडली. बायकांनी तिला असं काही सोलून काढलं की महिनाभर ती रस्त्याने मान वर करून चालली नाही. आता मी खरं बोलते म्हणून मला शिव्या देऊ नका, पण तिची पोरं बघा एकदा. गालावर मांस, पायात जोर. पोरांच्या पोटात काय जातं ते तिला ठाऊक होतं, कारण ते तीच चोरत होती.

मग पळीमावशीचं नाव पुढे आलं. एक म्हातारी म्हणाली, "तिला द्या. ती उपाशी मरेल, पण दुसऱ्याच्या दाण्याला बोट लावायची नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशीचा चेहरा असा उजळला की तिचं लग्न ठरतंय असं वाटावं. जन्मभर विटा वाहिलेल्या बाईला पहिल्यांदा कोणी चारचौघांत चांगलं म्हटलं होतं. ते चांगलं म्हणणंच पुढे तिच्या मानगुटीवर बसलं.

कामाला मात्र बोट ठेवायला जागा नव्हती. पहाटे उठून, सून जागी व्हायच्या आत ती शेडमध्ये हजर. पळी काठोकाठ भरायची, वरचा भाग बोटाने सपाट करायचा, मग ताटात. ना कोणाला दाणा जास्त, ना कमी. दुपारी भांडी घासून झाली की ती घरोघर जायची आणि सरळ आत घुसून पातेल्यावरचं झाकण उचलायची. कारण तिच्या लक्षात आलं होतं की पोरं शेडमध्ये जेवतात, तरी काहींची वजनं हलत नाहीत.

एकदा माझ्या शेजारच्या घरी तिने आजीबाईंना पकडलं. नातू कोपऱ्यात बसलेला, ताट रिकामं.

"याला का नाही वाढलं?"

"तो तिकडे जेवला की. मग इथे कशाला पुन्हा?"

"तिकडचं औषध समजा. औषध घेतलं म्हणून कोणी जेवण सोडतं का?" मावशीचा आवाज रस्त्यापर्यंत आला. "वाढा त्याला. मी इथून हलणार नाही."

आजीबाईंनी वाढलं. तोंडाने पुटपुटत, पण वाढलं. अशी कितीतरी झाकणं तिने उचलली. ज्या घरात पोर दोन चुलींच्या मधे लटकलेलं असे, तिथे ती बरोबर पोचायची. नर्सबाई म्हणायच्या, "औषधांपेक्षा मावशींच्या तोंडाचा गुण जास्त." आणि खरंच, पोरं भरली. रडकी पोरं भांडू लागली, भांडणारी पळू लागली. गल्लीत इतका गोंगाट वाढला की मला मशीन चालवणं कठीण झालं, आणि मला त्याचं बरं वाटायचं.

आता तिची नात. पिटुकली. सुनेला झालेलं पहिलं पोर, आईच्या डोळ्यांवर गेलेलं. अंगावरचं दूध सुटलं तशी सून भट्टीवर जाताना तिला शेडमध्ये आजीजवळ सोडून जायला लागली. ती खिडकीखाली पोत्यावर बसायची, शेंगांच्या टरफलांशी खेळायची.

सुरुवातीला मावशी तिलाही सगळ्यांबरोबर वाढायची. एके दिवशी ताटात अर्धं अंडं होतं. एक आई हसत हसत म्हणाली, "पिटुकलीचं बरंय बाई, आजीच्याच हातात पळी!" थट्टाच होती. माझ्या दारात बसून मलाही हसू आलं. पण मावशीचा हात जागच्या जागी थांबला. तिने खाली वाकून नातीच्या समोरचं ताट उचललं आणि शेजारच्या पोरासमोर ठेवलं.

"ती यादीत नाही," मावशी म्हणाली. "ती घरी जेवते."

पिटुकलीने भोकाड पसरलं. तिला गप्प करायला कोणी उठलं नाही, कारण सगळ्याजणी मावशीकडे बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत कौतुक होतं. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. स्वयंपाकीण असावी तर अशी! तेव्हापासून तिथे एक रीतच पडली. आधी सगळी पोरं, मग त्यांच्याबरोबर आलेली भावंडं, मग कामाला आलेल्या आया, आणि पातेल्याच्या तळाशी काही चिकटलं असेल तर पिटुकली. आपलं पोर शेवटी. आणि तळाशी उरायचं किती? ज्या बाईला दाणा वाया गेलेला खपत नाही, तिच्या पातेल्याच्या तळाशी काय उरणार, कपाळ!

पिटुकली पुन्हा रडली नाही. सगळे म्हणायचे, "काय गुणी पोर आहे, कधी मागत म्हणून नाही." तीन वर्षांचं पोर अन्नाच्या पातेल्यासमोर दिवसभर बसतं आणि मागत नाही, याला आम्ही गुण म्हणत होतो.

मावशीच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला वाटायचं, सकाळी आपण निघाल्यावर सून पोटभर घालूनच पोरीला आणते, आणि रात्रीचं घरचं आहेच. मोठी माणसं तरी कितीदा जेवतात? सुनेला वाटायचं, पोर दिवसभर अन्नाच्या घरात असतं, सख्खी आजी वाढते, मग काळजी कसली? म्हणून सकाळी चहात बुडवलेलं एक बिस्किट, आणि चल. संध्याकाळी मावशी पोरीला खांद्यावर झोपलेली आणायची. सून बघायची, पोट भरून झोपली. मावशी आतल्या खोलीत जाऊन पडायची, तिला वाटायचं, सून उठवून भरवेल. आणि या दोघी एकमेकींशी मिठाच्या त्या भांडणापासून कामापुरतंच बोलत. गावातल्या प्रत्येक घराचं झाकण उचलणाऱ्या बाईने आपल्या घरातलं तेवढं उचललं नाही.

मला काय ठाऊक होतं? पिटुकली शेडमध्ये जेवत नाही एवढं मी रोज बघत होते, पण घरी जेवते असंच मीही धरून चालले होते. एकदा मात्र फ्रॉकचं बटण तुटलं म्हणून मावशी तिला घेऊन आली. फ्रॉक मीच शिवलेला होता, आदल्या वर्षी, वाढत्या अंगाचा म्हणून आत जास्तीचं कापड ठेवून. मी पोरीच्या अंगाला लावून बघितला. शिलाई उसवून तो वाढवायची गरजच नव्हती. उलट खांद्यावरून ढिला झाला होता.

"मावशी, हिला नर्सबाईंना दाखवा. अंगाने उतरलीय ही."

"आईच्या अंगावर गेलीय. बारीकच चण."

"एकदा काट्यावर तरी घाला."

मावशी भडकली. "काट्यावर घातली की लोक म्हणतील, बघा, यादीत घुसवायला निघाली! तू बटणं लाव, टेलरबाई. माझ्या घरात डोकावू नकोस."

मी बटण लावलं. ती गेल्यावर मी नर्सबाईंच्या कानावर घातलं. त्या हसल्या, "मावशींची नात? अहो, ती तर स्वयंपाकघरातच राहते." बाईंचा दोष नाही. दिव्याखाली बसलेल्याला उजेड मिळत असेल असंच सगळ्यांना वाटतं.

मग तो दिवस आला. गावात यादीतलं एकही पोर आता कमी वजनाचं नाही, असं जाहीर झालं. संस्थेचे मोठे साहेब येणार, आजूबाजूच्या गावांतल्या बायका बघायला येणार, मावशीचा सत्कार होणार. मला पडद्याला झालर शिवायचं काम मिळालं. शेडमध्ये खुर्च्या मांडल्या, काटा पुसून लख्ख केला आणि मधोमध टांगला, म्हणजे साहेबांना पोरांची वजनं करून दाखवता येतील.

सुनेने भट्टीवरून अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. सकाळी ती माझ्याकडे आली, पिटुकलीला कडेवर घेऊन. हातात नवं कापड.

"आज शेवटी फोटो निघतील, हिला काहीतरी पटकन शिवून दे ना. जरा मोठ्या मापाचं घे हं, वाढली असेल. तिकडे आईंच्या हाताखाली दोन-दोन वेळा जेवते."

माझ्या हातातली टेप तशीच राहिली. "तिकडे?" मी म्हटलं. "अगं, तिकडे जेवत नाही ती. मी रोज समोर बसते. मावशी म्हणतात, ती घरी जेवते."

ती हसली. मी चेष्टा करतेय असं वाटलं असावं तिला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हसू विरलं.

"घरी कधी जेवते ती?" ती हळूच म्हणाली. हा प्रश्न मला नव्हताच. तिने पिटुकलीचा हात कोपराच्या वर धरला. अंगठा आणि बोट एकमेकांना टेकले, वर जागा उरली. ती तशीच उठली. कापड माझ्या मशीनवरच राहिलं.

समोर भाषण सुरू झालं होतं. साहेब म्हणत होते, या गावाने सगळ्यांना धडा घालून दिला आहे, आणि त्याचं श्रेय एका निःस्वार्थ बाईला जातं. मावशी पहिल्या रांगेत खुर्चीच्या कडेवर बसली होती, पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते. लोक टाळ्या वाजवत होते. सून खुर्च्यांमधून वाट काढत सरळ पुढे गेली, काट्याच्या झोळीत तिने पिटुकलीला ठेवलं आणि बाजूला उभी राहिली. लोकांना वाटलं, कार्यक्रमातलंच आहे. कोणीतरी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

नर्सबाई हसत पुढे आल्या. काटा बघितला. बोटाने टिचकी मारली, पुन्हा बघितलं. मग पिशवीतून दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी काढून पोरीच्या हाताला गुंडाळली. पट्टी लाल भागावर थांबली. नर्सबाईंनी ती झटकन हातात मिटून घेतली, पण पुढच्या रांगेतल्यांना दिसायचं ते दिसलं होतं. आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही त्या लाल रंगाचा अर्थ कळतो. मावशीनेच शिकवला आहे.

"तुम्ही वाढत नव्हता हिला?" सून म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मावशी उठली. "तू घरी घालत नव्हतीस?"

"दिवसभर तुमच्याजवळ होती, आई!"

"मला वाटलं, तू सकाळी..." ती झोळीजवळ आली, तिने हात पुढे केले, आणि सुनेने पोरीला उचलून दुसऱ्या बाजूला घेतलं. साहेबांना काय करावं कळेना, ते माईक हातात धरूनच पाणी प्यायले. हाराची थाळी घेऊन उभी असलेली मुलगी थाळीसकट मागे सरकली.

पिटुकलीला साहेबांच्याच गाडीतून मोठ्या दवाखान्यात नेलं. छातीत कफ धरला होता, तो कधीपासून ते कोणालाच सांगता आलं नाही. सून तिच्याबरोबर राहिली. मावशीला गाडीत जागा नव्हती, निदान सगळे तसं म्हणाले.

गावाने रंग बदलायला संध्याकाळ लागली नाही. "स्वतःच्या नातीला उपाशी ठेवून नाव कमावलं." "कसाई बरा." ज्या आईने अंड्यावरून थट्टा केली होती तीसुद्धा म्हणत होती. मी दारात उभी राहून एकेकीचं तोंड बंद केलं, दुकान मोडलं तरी चालेल म्हणून. तिचं चुकलंच. मी नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी ताट उचललं तेव्हा एकजण तरी म्हणाली होती का, मावशी, अहो, राहू दे, पोर आहे? सगळ्यांना तिचा प्रामाणिकपणा हवा होता. त्याची किंमत दुसरंच कोणी भरत होतं म्हणून तो जास्तच गोड लागला.

मावशी दुसऱ्या दिवशीही शेडमध्ये आली, चूल पेटवली, पोरांना वाढलं. कोणी तिच्याशी बोललं नाही. काम आटोपलं की ती चालत दवाखान्यात जायची, बाहेरच्या बाकावर बसायची, अंधार पडायच्या आत परत यायची. आत कोणी बोलावलं नाही, आणि तिने विचारलंही नाही.

पोर वाचलं. तेवढं देवाने ठेवलं. नर्सबाई मला म्हणाल्या, "वजन भरून येईल हळूहळू. उंचीचं सांगता येत नाही. गेलेली वर्षं परत मोजता येत नाहीत." हे मावशीला सांगू नका, असंही म्हणाल्या. मावशी तेव्हा माझ्या दुकानाच्या पायरीवरच बसली होती.

सून घरी आली त्या संध्याकाळी मी डबा घेऊन गेले होते. चुलीवर पातळ पेज शिजत होती, दवाखान्यात सांगितल्याप्रमाणे. पिटुकली भिंतीला टेकून बसलेली, डोळे चेहऱ्यापेक्षा मोठे. मावशी उंबऱ्याच्या बाहेर उभी होती, स्वतःच्याच घराच्या. सुनेचे हात भट्टीच्या कामाने आणि दवाखान्यातल्या जागरणाने दुखत असणार, वाटी धरतानाही ती कण्हली. तिने बराच वेळ मावशीकडे बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल, जे परत घेता येणार नाही.

"आत या," ती म्हणाली. "तुम्ही भरवा तिला."

मावशी आत आली. खाली बसली. वाटी घ्यायला तिने दोन्ही हात पुढे केले.

"पण माझ्यासमोर," सून म्हणाली.

जिच्या हाती सगळ्या गावाने आपली पोरं आणि आपलं धान्य डोळे मिटून दिलं होतं, ती बाई मान खाली घालून "बरं" म्हणाली. तिने चमचा भरला, फुंकला आणि नातीच्या तोंडाशी नेला. सून शेजारी उभी राहून तिच्या हाताकडे बघत राहिली, पोरीने गिळेपर्यंत.